पत्ते टाकण्याची विद्या

बलिप्रतिपदेला आपल्याकडे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी पुराणकथा आहे, आणि तिच्या आधाराने पाडव्याच्या दिवशी पत्त्यांना हात लावणे हा फारसा दोष मानला गेला नाही. गुजरातेत हा मान श्रावणातल्या सातम-आठमला. जन्माष्टमीच्या आसपास घराघरांत तीन पत्ती बसते, पोलिसांचे छापे पडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या गुजराती वर्तमानपत्रांत पकडलेल्यांची संख्या व जप्त केलेली रोकड छापून येते. सुरतेत राहणारा खानदेशी माणूस म्हणजे या दोन्ही परंपरांचा वारसदार. तेव्हा पत्त्यांबद्दल आम्हाला कुणी काही नवे सांगावे, अशी काही परिस्थिती नव्हती. ते सांगणारा माझ्याच घरात निघाला.

इच्छापोर हे सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. पुढे हजिऱ्याचे मोठमोठे कारखाने आणि इथे हिऱ्यांचे जेम अँड ज्वेलरी पार्क. त्या पार्कातल्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो आणि माझा भाचा प्लॅनिंगला आहे. प्लॅनिंग म्हणजे कच्च्या हिऱ्याचा यंत्रावर नकाशा काढायचा, आतले डाग कुठे आहेत ते पाहायचे, आणि एक मोठा खडा काढावा की दोन लहान हे ठरवायचे. चुकीचा छेद परत जोडता येत नाही. त्यामुळे या कामातली मुले मुळातच थंड डोक्याची असतात, निदान कामापुरती तरी. भाचा आठवडाभर माझ्याकडे राहतो आणि शनिवारी संध्याकाळी उधन्याला गाडी पकडून नवापूरला ताईकडे जातो.

२०२२च्या दिवाळीनंतर तो ऑनलाइन पोकर खेळू लागला. लपवाछपवी नव्हती. उलट एक दोनशे पानी वही घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही हिशेबाचे माणूस. वर्षभर हे लिहिणार आहे. वर्षाअखेरीला तुम्ही तपासायचं.”

इथे सीमेवरच्या वाचकांना एक गंमत सांगायला हवी. दोन्ही राज्यांचा जुगारबंदीचा कायदा मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या एकाच कायद्यातून आलेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पोकर या दोहोंच्या मधले. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच, असा निर्णय दिला, आणि पोकरच्या कंपन्यांनी गुजरातमधून येणाऱ्या फोनला दार बंद केले. महाराष्ट्रात मात्र त्या चालू राहिल्या. म्हणजे इच्छापोरला जो जुगार, तो नवापूरला खेळ. नवापूरचे स्टेशन तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत. एकाच बाकावरच्या दोन प्रवाशांपैकी एक खेळाडू ठरावा आणि दुसरा जुगारी! भाचा या भानगडीत पडला नाही. आठवडाभर इच्छापोरला त्याचा फोन मुका असे. शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी ताईच्या घरी, दोन्ही मिळून पाच तास, तो खेळे. पाच तास झाले की हरत असो वा जिंकत असो, बंद.

पोकर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते. मध्ये सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत भारी, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. डाव सुरू होण्याआधीच दोघांना सक्तीने ठरावीक पैसे लावावे लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात. भाच्याच्या टेबलावर मोठा ब्लाइंड दहा रुपयांचा आणि बसायची रक्कम हजार रुपये.

आता त्याची पद्धत. पहिला नियम, पाचांपैकी चार वेळा पत्ते टाकून द्यायचे. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात. जोडी यायची शक्यता सतरांत एक. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा. तीन पत्तीत ज्याला आपण ‘पॅक’ म्हणतो आणि जे करताना माणसाचा चेहरा पडतो, ते इथे कामाचे मुख्य अंग. दुसरा नियम, पैसे लावण्याआधी भागाकार. समजा, मधले चार पत्ते उघडले आहेत आणि बदामाचा एक पत्ता आला की आपला पाच बदामांचा रंग पुरा होतो. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे साधारण पाचांत एकदा. टेबलावर दोनशे आहेत, समोरच्याने शंभर लावले. आपण शंभर घातले तर एकूण चारशे होतील. त्यासाठी चारांत एकदा तरी जिंकायला हवे. पाचांत एकाला ते परवडत नाही, पत्ते टाका. टेबलावर आधी पाचशे असते तर एकूण सातशे झाले असते आणि सातांत एकदा जिंकणेही पुरले असते. तेव्हा खुशाल घाला. बदाम येईल असे ‘आतून वाटते’ की नाही, हा प्रश्नच नाही.

तिसरा नियम मला हिशेबनीस म्हणून सर्वांत आवडला. टेबलावर बसायला हजार लागतात तर खात्यात तीस हजार हवेत. त्याने ते पगारातून वर्षभर आधी बाजूला काढलेले. ताईच्या घरखर्चाला त्यांचा स्पर्श नाही. एका दिवसात तीन हजार गेले की उठायचे. आणि हरलेले भरून काढायला मोठ्या टेबलावर कधीही जायचे नाही.

कारण नियमाने खेळले तरी माणूस हरतोच. एक्क्यांची जोडी आणि राजांची जोडी समोरासमोर आली तर शंभरांत सुमारे अठरा वेळा राजे जिंकतात. हिशेबाने पाहिले तर शंभर डावांमागे चार ब्लाइंड सरासरी नफा काढणारा चांगला खेळाडूही शंभर डावांत नव्वदएक ब्लाइंड सहज वर-खाली होतो. म्हणून दहा हजार डाव झाल्यावरदेखील अशा तीन चांगल्या खेळाडूंपैकी जवळजवळ एक तोट्यात असतो! मार्च २०२३ मध्ये भाचा सहा हजार हरला. मला वाटले, आता हा वही बंद करील किंवा रात्रभर जागेल. त्याने यांपैकी काहीच केले नाही. हरलेले डाव एकेक करून पुन्हा मांडले, त्यांत स्वतः चुकीचा भागाकार केलेले चार सापडले, त्यांच्याखाली लाल रेघ ओढली आणि सोमवारी नेहमीप्रमाणे कामावर आला.

हे पाहताना मला वनपर्वातला नळ आठवे. नळराजा पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तो परत कसा जिंकला, हे कमी लोकांच्या लक्षात असते. बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो विदर्भाकडे रथ हाकत होता. वाटेत बेहड्याचे झाड दिसले. ऋतुपर्णाने धावत्या रथातूनच सांगितले की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नळाने रथ थांबवून झाड तोडले, फळे मोजली, तेवढीच निघाली. तेव्हा ऋतुपर्णाने त्याला ‘अक्षहृदय’ शिकवले, फाशांचे आणि मोजणीचे शास्त्र. आणि ते येताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला. झाड बेहड्याचेच का? तर जुन्या काळी बेहड्याच्या बियांचेच फासे करीत. महाभारतकाराला हे पक्के माहीत होते की जुगाराचा कली देवाच्या नवसाने उतरत नाही, मोजता आले म्हणजे उतरतो.

युरोपात हे मोजणे १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून मार्गाला लागले, आणि तोही प्रश्न अर्धवट मोडलेल्या डावातल्या पैशांच्या वाटणीचाच होता. पुढे जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस नावाच्या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डाव खेळून हरवले. ना त्याला राग येतो, ना झोप, ना कालचे हरलेले भरून काढायची घाई. भाचा म्हणायचा, “मामा, मी त्याच्यासारखं खेळायचा प्रयत्न करतो.” मला हे ऐकून कौतुकही वाटे आणि थोडे चमत्कारिकही. शिवाय पडद्यापलीकडे माणूस बसला आहे की असेच एखादे यंत्र, हे घरबसल्या खेळणाऱ्याला कसे कळणार?

२०२३च्या दिवाळीत कारखाना सुट्टीला बंद झाला तेव्हा ताईकडे नवापूरला ओटीवर बसून मी वही तपासली. वर्षभरात ३८,००० डाव, सुमारे २५३ तास, निव्वळ नफा १५,२०० रुपये. म्हणजे शंभर डावांमागे चार ब्लाइंड. मी अनेक वर्षे हिशेब पाहतो आहे; इतकी स्वच्छ वही क्वचित पाहिली. पद्धत चालते, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

पण हिशेबनीसाला बेरजेनंतरच खरे काम असते. पंधरा हजार दोनशे भागिले २५३. तासाला साठ रुपये. जिंकलेल्यावर ३० टक्के प्राप्तिकर; उरले तासाला बेचाळीस. मागच्या वर्षीचा तोटा यंदाच्या अशा नफ्यातून वजा करायचीही सोय नाही. त्यातच १ ऑक्टोबर २०२३पासून, जिंकण्यावर नव्हे तर खेळायला भरलेल्या रकमेवरच, २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. आणि एक रकाना त्याने स्वतःच प्रामाणिकपणे लिहिला होता, त्याने जिंकलेल्या डावांतून कंपनीने कापून घेतलेली रक्कम. जुगाराच्या अड्ड्यावर हिला नाल म्हणतात. ती होती ३०,४००. वर्षभर डोके चालवले भाच्याने, आणि त्याच्या दुप्पट मिळाले टेबल मांडून बसलेल्याला, ज्याने एकही पत्ता हातात धरला नाही.

“बेचाळीस रुपये,” मी म्हणालो. “याहून जास्त तर ओव्हरटाइमला मिळतात.”

“ते मला सहाव्या महिन्यातच कळलं होतं,” तो म्हणाला. “पण वर्ष पुरं करायचं ठरलं होतं.”

ताई शेजारी करंज्या भरत होती. तिने विचारले, “हे पंधरा हजार कुणाचे रे?”

“टेबलाचे, आई.”

“टेबल कुठे कामाला जातं?”

तो हसला, पण उत्तर दिले नाही. पाने उलटत राहिला. मग एका पानावर बोट ठेवून वही माझ्यासमोर सरकवली. चांगला खेळाडू समोरच्यांच्या सवयी टिपून ठेवतो. खऱ्या नावाने नाही, कारण तिथे प्रत्येकाने टोपणनाव घेतलेले. त्या टिपणांत ओळी होत्या: अमका रात्री अकरानंतर आंधळे खेळतो. तमका एकदा हरला की रक्कम दुप्पट करतो. आणि त्यांच्याखाली चौकटीत, ‘७ ते १५ तारीख, टेबले भरलेली, खेळ सैल.’ महिन्याची सात तारीख कसली, हे कारखान्यात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. सात तारखेच्या आत पगार होतात. त्याने तारखांप्रमाणे बेरीज काढून ठेवली होती. १५,२०० पैकी ११,९०० त्या नऊ दिवसांत पडणाऱ्या शनिवार-रविवारचे होते. उरलेल्या सगळ्या महिन्यात मिळून ३,३००.

ही बेरीज त्याने स्वतःच कधीतरी काढून ठेवली होती. आम्ही दोघे मामा-भाचे तासाचा दर काढत बसलो होतो आणि ताईने एका वाक्यात त्या पानाशी आणले. तासाला बेचाळीस रुपये फार कमी आहेत, हा एक आक्षेप. पण ते चारशे वीस असते तर? मग ते अधिक कुणाचे असते? सैल खेळणाऱ्याचेच. पद्धतशीर खेळणारा माणूस नशिबावर जगत नाही, हे खरे. तो समोरच्याच्या बेशिस्तीवर जगतो. शेतकऱ्याने शिस्तीने काम केले तर ज्वारी जास्त होते. प्लॅनिंगवाल्याने शिस्तीने छेद ठरवला तर दगडातून अर्धा कॅरट जास्त निघतो. तो कुणाच्या खिशातून येत नाही. पोकरच्या टेबलावर मात्र जितके पैसे आले तितकेच असतात, उलट नालीपुरते कमीच होतात. तिथे शिस्तीने पीक वाढत नाही, फक्त ते कुणाच्या कोठारात जाते तेवढे बदलते.

यावर भाच्याचे म्हणणे होते, आणि ते मी इथे मांडायलाच हवे. तो म्हणाला, “मामा, शेअर बाजारात रोजच्या रोज उलाढाल करणारे काय करतात? आपला शेठ कच्चा माल स्वस्तात उचलतो तेव्हा विकणाऱ्याची अडचणच असते ना? मी कुणाला बोलावून बसवलं नाही, फसवलं नाही. माझे पत्ते मी पाहिले, त्याचे त्याने.” हे खोडून काढणे सोपे नाही. प्रौढ माणसे आपल्या खुशीने बसली होती, हे खरेच आहे. मी एवढेच म्हणालो की शेठ ज्याच्याकडून माल घेतो त्याला ओळखतो. उद्या तोंड दाखवायचे असते म्हणून तो एका मर्यादेपर्यंतच ताणतो. तुझ्या टेबलावरच्याला तोंडच नाही.

नळाच्या कथेचा शेवट मला त्या दिवशी नीट कळला असे वाटते. अक्षहृदय शिकून नळ परत आला, पुष्कराला पुन्हा खेळायला बसवले आणि एका डावात सगळे जिंकला. आता पद्धत त्याच्याकडे होती, पुष्कराकडे नव्हती. तो पुष्कराला नेसत्या वस्त्रानिशी हाकलू शकला असता, जसे पुष्कराने त्याला हाकलले होते. त्याने तसे केले नाही. पुष्कराचा वाटा त्याला परत दिला, भाऊ म्हणून मिठी मारली आणि सन्मानाने घरी पाठवले. ज्याला हिशेब कळतो त्याच्यावर हरणाऱ्याचीही थोडी जबाबदारी येते, असे कथाकाराला सुचवायचे असावे. फोनवरच्या टेबलात ही सोय नाही. रविवारी रात्री टोपणनाव पडद्यावरून जाते. ते कुठल्या घरात जाते, त्या घरात दुधाचे पैसे दिले गेले की नाहीत, हे विचारायला वाट नाही.

भाच्याने त्या दिवाळीनंतर खात्यातले पैसे काढून घेतले आणि खेळ थांबवला. का, ते त्याने सांगितले नाही. दराचे कारण दिले असते तरी मला चालले असते. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी सगळ्यांचाच खेळ थांबला. ऑनलाइन खेळांविषयीचे केंद्राचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत संमत झाले, २२ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवला. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवणेच बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच आठवड्यात कंपन्यांनी पैशांची टेबले उचलली. इच्छापोर आणि नवापूर यांच्यातला तो फरकही मिटला. ज्यांना व्यसन लागले आहे ते दुसरी वाट शोधतील, अशी भीती बोलून दाखवणारे आहेत, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कायदा टेबल उचलू शकतो; हरलेले भरून काढायची घाई त्याला उचलता येत नाही. ती ज्याची त्यालाच मोजून उतरवावी लागते.

हिऱ्याच्या धंद्याला गेली काही वर्षे बरी नाहीत. कारागिरांच्या हातांना काम कमी, दिवाळीची सुट्टी लांबते, आणि अशाच वेळी माणसाला एका डावात सगळे भरून काढावेसे वाटते. आमच्या कारखान्यातली दोन-तीन तरुण मुले जेवणाच्या सुट्टीत भाच्याकडे येऊन बसतात. पोकर शिकायला नव्हे. एकाने कर्ज काढून मोटारसायकल घ्यायची ठरवली होती, दुसऱ्याला कुणीतरी शेअर बाजाराची ‘टीप’ दिली होती. भाचा त्यांना कागदावर भागाकार करून दाखवतो: किती घालायचे, किती मिळण्याची शक्यता, आणि गेले तर घरात काय उरेल. बहुतेक वेळा उत्तर एकच निघते, पत्ते टाक. मुले हिरमुसतात. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत.

त्याच्या टेबलाच्या खणात अजून तसलीच एक वही आहे. मी परवा सहज चाळली. दररोजच्या पानावर डावीकडे कापायला घेतलेले खडे, उजवीकडे तपासून न घेतलेले, आणि का घेतले नाहीत त्याचे कारण. उजवी बाजू जास्त भरलेली होती.